आईचं जेवण सुटलंय. डाएटिशियनकडे नेऊन काय होणार?

डोंबिवलीतली देवगडकरीण

नमस्कार मंडळी. आई देवगड तालुक्यात गावच्या घरी एकटी राहते. वय ६८. मधुमेह जुना, ब्लडप्रेशरची गोळी चालू. बाबा गेल्या कार्तिकात गेले. मी डोंबिवलीत, भाऊ विरारला. आईला इकडे आणायचा विषय काढला की ती गुरांचं नाव पुढे करते. गुरं म्हणजे आता एकच म्हातारी गाय.

फोनवर विचारलं की उत्तर ठरलेलं, "जेवलंय गो." खरं काय ते शेजारच्या काकींकडून कळलं. रात्री आईच्या घरात गॅस पेटतच नाही. चहा आणि त्यात बुडवलेलं बेकरीतलं बटर, की झालं जेवण. सध्या आंबे आहेत म्हणून त्यावर एक हापूस. "एकटेसाठी कित्या रांधूचा?" असं काकींना म्हणाली. मागच्या आठवड्यात सकाळी विहिरीवर घेरी येऊन खाली बसली. दरदरून घाम, हात थरथरत होते. काकींच्या मुलाने मशीनवर साखर बघितली तर ६२. साखरपाणी पाजल्यावर उठली.

डॉक्टरांनी मला फोनवरच सुनावलं. गोळ्या वेळच्या वेळी आणि जेवण नाही, हे चालणार नाही, आहारतज्ज्ञाला दाखवा म्हणाले. भाऊ म्हणतो ही शहरातली थेरं. माझंही मन धजत नाही, कारण मागे इकडे एकीकडे दाखवलं होतं. छापील कागद हातात दिला: ओट्स, ब्रोकोली, ब्राउन ब्रेड, ऑलिव्ह ऑइल. आई म्हणाली, "ब्रोकोली म्हणजे काय, हिरवो फ्लॉवर?" आणि कागदाची घडी फडताळात गेली ती गेलीच.

तर प्रश्न दोन. गावाकडचा आहारतज्ज्ञ वेगळं काही सांगेल का? आणि आई हल्ली भजनाला जात नाही, मध्येच डोळे भरून येतात, दुपारभर पडून असते. हे खाण्यापिण्यावाल्यांचं काम आहे का दुसऱ्या कुणाचं?

रापणकार

ताई, नका जाऊ. आमच्या मेहुण्याला असल्याच एका 'वेलनेस'वाल्याने पावडरचा डबा गळ्यात मारला. महिन्याचा खर्च ऐकून बहिणीची साखर वाढली. आईंना ताजो बांगडो नि भात घाला, आपसूक बऱ्या होतील.

कुळीथपिठी

मी आहारतज्ज्ञ आहे, सिंधुदुर्गातच काम करते. आमच्या जमातीची बाजू घेणार हे धरूनच वाचा.

आधी तातडीचं. साखर ७० च्या खाली गेली की ती उतरली असं धरतात, आणि ६२ ला घाम-थरथर म्हणजे शरीराने दिलेली हाकच. आईंच्या गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव वाचा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल तर तुम्ही जेवलात की नाही हे ती गोळी विचारत नाही, इन्सुलिन सोडायला लावतेच. नुसती मेटफॉर्मिन असेल तर सहसा एवढी उतरत नाही. आजच डॉक्टरांना फोन करून "रात्रीचं जेवण जवळजवळ नाहीच" हे स्पष्ट शब्दांत सांगा. डोस त्यांनी बदलायचा, तुम्ही नाही आणि मीही नाही. तोवर काकींना सांगून ठेवा: घेरी आली तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून ७० खाली असेल तर परत तेच, आणि वर आल्यावर काहीतरी पोटभरीचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, थेट दवाखाना.

आता तो ओट्सचा कागद. तो देणाऱ्यांनी आईंना काही विचारलं होतं का? पहिल्या भेटीत माझा बहुतेक वेळ विचारण्यातच जातो. "काय खाता?" म्हटलं की अख्खा जिल्हा "भात, आमटी, भाजी" असंच उत्तर देतो. म्हणून मी काल सकाळी डोळे उघडल्यापासून सुरू करते. उठल्यावर काय, गोठ्यातून आल्यावर काय, टीव्हीसमोर काय, रात्री झोप मोडली तेव्हा काय. येताना घरातला चहाचा कप आणि जेवायची वाटी घेऊन या म्हणते. लोक हसतात, पण "अर्धो कप" म्हणजे एकाकडे घोटभर आणि दुसऱ्याकडे पितळेचा पेला. पाच पेले, प्रत्येकी दोन चमचे साखर, हा हिशेब "मी गोड खातच नाय" या वाक्याच्या आत लपलेला असतो.

मग दात. आईंना कवळी आहे का? वजन उतरलं, हिरड्या आक्रसल्या की कवळी सैल होते, चावताना टोचते. माणूस भाकरी सोडतो, मासा सोडतो, आणि जे चहात विरघळतं तेवढंच ठेवतो. घरच्यांना वाटतं, दुःखाने जेवण गेलं. ते खरंही असतं, पण निम्मं दुखणं कधीकधी कवळीत असतं आणि माझ्या आधी दाताच्या डॉक्टरांकडे जावं लागतं. बांगड्या सैल झाल्यात का, ब्लाउजला नवी टीप घातली का, हेही बघा. ध्यानीमनी नसताना सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तर या वयात डॉक्टरांनी कारण शोधायलाच हवं. ५० किलोच्या बाईचं ते अडीच किलो होतं. पातळात लपून जाईल इतकंच.

आणखी एक. बाबांचं वर्षश्राद्ध व्हायचंय. आईंनी मासे सोडलेत का?

रापणकारांना: पावडरचा डबा विकणारा तो विक्रेता. माझ्याकडे विकायला काही नाही, नाहीतर एव्हाना माझं घर खाडीला लागून असतं.

डोंबिवलीतली देवगडकरीण

मॅडम, तुमचं वाचून रात्रीच काकींना व्हिडिओ कॉल करायला लावला. गोळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली, दोन वेळा. मेटफॉर्मिन तर कधीपासून चालूय ते आईलाही आठवत नाही. डॉक्टरांशी बोलले, त्यांनी रात्रीची गोळी बदलली आणि आठवडाभर साखर लिहून ठेवायला सांगितलं.

कवळी आहे. खालची रुमालात बांधून ठेवलेली सापडली.

मासे बाबा गेल्यापासून बंद. अंडंही नाही. वर्ष झाल्याशिवाय खाणार नाही, आणि त्यावर मी बोललेलं तिला आवडणार नाही. पायाला मुंग्या येतात, जीभ हुळहुळते असंही म्हणाली. हे मी विचारलं म्हणून सांगितलं, नाहीतर सांगत नव्हती.

कुळीथपिठी

मासे खा असं मीही सांगणार नाही. व्रताशी भांडण काढलं की बाई पुढच्या खेपेला येतच नाही.

पण आता दोन धागे जुळतात. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. आईंचं बी-१२ यायचं ते बांगडा, तारली, तिसऱ्या यांतून. तेही थांबलं. दूध-दह्यात थोडं असतं, डाळी-भाज्यांत नसतंच म्हणा. पायाला मुंग्या आणि हुळहुळणारी जीभ ऐकून डॉक्टरांना बी-१२ तपासा म्हणायला हवं, सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. बी-१२ कमी असेल तर गळून जायला होतं, विसरायला होतं, मनही उदास राहतं. थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच दिवसभर पडून असतो. रिपोर्ट आल्याशिवाय हे दुःख आहे की कमतरता की दोन्ही, हे तुम्ही-आम्ही इथे बसून ठरवू नये. कमतरता निघाली तर डॉक्टर इंजेक्शन किंवा गोळ्या देतील. ती भर नुसत्या जेवणातून काढण्याइतका वेळ नसतो, आणि आईंच्या ताटात सध्या ती शक्यताही नाही.

आता ताट. आईंना रात्री रांधायचा कंटाळा आहे, म्हणून रात्रीचा नवा पदार्थ मी सुचवणारच नाही. सकाळी उकड्या तांदळाची पेज होते का? बहुतेक होत असणार, गायीला पेजेचं पाणी लागतं. ती पेज थोडी घट्ट, आणि सोबत कुळथाची पिठी. १०० ग्रॅम कुळथात २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. वाटीभर पिठीला दोन-तीन चमचे पीठ लागतं, म्हणजे फार मोठा आकडा नाही, पण बटरापेक्षा कितीतरी बरा. दुपारी काळ्या वाटाण्याची किंवा चवळीची उसळ करायची ती दोन वाट्या जास्त, तीच रात्री गरम करून मऊ भाताबरोबर किंवा घावणाबरोबर. घावण मऊ, कवळी नसली तरी जातं. झोपायच्या आधी वाटीभर दही किंवा कपभर दूध. परसात शेवगा असेलच, पाला आमटीत टाका. एवढंच. पहिल्या भेटीत मी तीन-चारपेक्षा जास्त बदल सांगत नाही. सांगितले तर एकही होत नाही.

नाचणीबद्दल कुणीतरी विचारणारच. चांगली आहे, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, आईंच्या वयाला हवंच. पण "साखरेला चालते" म्हणून चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर चढणारच. पातळ आंबील तर भाकरीपेक्षा भराभर चढवते. आणि हापूस बंद करा असं देवगडात सांगायची माझी छाती नाही. अर्धा आंबा, मधल्या वेळेला, भातावर नाही. जेवणाच्या जागी आंबा हे मात्र बंद. त्याने साखर चढते नि उतरते, आणि प्रथिनं जवळजवळ शून्य.

तुमचा दुसरा प्रश्न. दुःखाला औषध माझ्याकडे नाही. नवरा गेल्यावर बाईने रडावं, त्याला आजार म्हणू नये. पण जेवण आणि मन एकमेकांना खाली ओढतात. उदास आहे म्हणून जेवत नाही, जेवत नाही म्हणून साखर उतरते, साखर उतरली की धडधड, घाबरं, चिडचिड, आणि माणसाला वाटतं आपलं डोकंच फिरत चाललंय. ही साखळी एका टोकाला मी तोडू शकते. दुसऱ्या टोकाला काकी आहेत. काकींनी आठवड्यातून दोनदा स्वतःचं ताट घेऊन आईंच्या पडवीत येऊन जेवावं. आईंना "आमच्याकडे या" म्हटलंत तर त्या जाणार नाहीत, हे मी न बघताच सांगते. पण घरी आलेल्या बाईसमोर गॅस न पेटवता बसणं कोकणातल्या बाईला जमत नाही. ती चारचौघांसारखं रांधेल, आणि रांधलं की खाईल.

यावर एक अभ्यास सांगते. ऑस्ट्रेलियात २०१७ साली प्रसिद्ध झालेला. नैराश्याचे ६७ रुग्ण, १२ आठवडे. बहुतेकांचे उपचार चालूच होते. एका गटाला वर आहारतज्ज्ञाच्या भेटी, दुसऱ्याला तितक्याच वेळ गप्पांची सोबत. पहिल्या गटातले साधारण ३२ टक्के नैराश्यातून बाहेर आले, दुसऱ्यातले ८ टक्के. अभ्यास छोटा, आपण कोणत्या गटात हे रुग्णांना ठाऊक होतं, त्यामुळे मी त्यावर झेंडा नाचवत नाही. उपचाराच्या जोडीला जेवण सुधारणं वाया जात नाही, एवढं मात्र त्यावरून म्हणते.

आणि मर्यादा कुठे, तेही सांगते. दोन आठवड्यांहून जास्त काळ, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न, कशातच रस नाही, झोप उडालेली, "माझं आता काय उरलंय", "मी गेलेलीच बरी" अशी भाषा, यातलं काही असेल तर माझ्या भेटीची वाट बघू नका. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ बघतात, वार विचारून जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात. तुम्ही स्वतःही फोन करून आईंबद्दल विचारू शकता. चांगला आहारतज्ज्ञ हे ऐकल्यावर ताटाचं बोलणं बाजूला ठेवून चिठ्ठी लिहून देतो. लिहून न देता "माझ्या डाएटने डिप्रेशन जातं" म्हणाला तर उठून या.

सड्यावरचा

सहसा लिहीत नाही, पण शेवटचं वाचून लिहितो. मी मनोविकाराची औषधं घेतो. ओलान्झापिन सुरू झालं आणि भूक अशी खवळली की रात्री उठून टोपातला गार भात खायचो. झोप लागायला लागली होती, डोक्यातला गोंगाट थांबला होता, पण शर्टाची बटणं लागेनात. मित्र मस्करी करायला लागले तेव्हा मनाने औषध बंद केलं. पुढचं काय ते सांगत नाही, रुग्णालयात जावं लागलं.

नंतर डॉक्टरांनीच आहारतज्ज्ञाकडे पाठवलं. तिने पहिलं वाक्य म्हटलं, "भूक औषधाने आणलेली आहे, तुमच्या जिभेने नाही." मला कुणी असं सांगितलंच नव्हतं. मग रात्रीची भूक मारायची नाही, तिला काहीतरी द्यायचं असं ठरलं: उकडलेली अंडी, ताक, मुठभर शेंगदाणे हाताशी. थंड पेय घरात आणायचं नाही. वजन आणि साखर ठरावीक वेळाने तपासायची आणि आकडे डॉक्टरांना द्यायचे. डॉक्टरांनी पुढे औषध बदललं तेही या आकड्यांवरूनच. वजन सगळं उतरलं नाही. औषध चालू आहे, कामावर जातो.

कुळीथपिठी

भाऊ, लिहिलंत ते फार बरं केलंत. यात एक भर घालते. लिथियम हे मनोविकाराचं औषध घेणाऱ्यांनी प्रेशर आहे म्हणून एकदम मीठ तोडायचं नाही, किंवा उपास-जुलाबात पाणी कमी पडू द्यायचं नाही. रक्तात लिथियम वाढतं आणि ते धोक्याचं असतं. डाएट बदलायच्या आधी आहारतज्ज्ञाला सगळ्या गोळ्या दाखवायच्या, मनोविकाराच्याही. लोक नेमक्या त्याच पिशवीच्या तळाशी लपवतात.

डोंबिवलीतली देवगडकरीण

भावाने सगळं वाचलं. आता त्याचं म्हणणं, "ठीक आहे, पण खरा डाएटिशियन ओळखायचा कसा?" आणि नुसतं जेवण सांगायला तज्ज्ञ कशाला लागतो, घरात सगळ्यांना स्वयंपाक येतो, हेही.

कुळीथपिठी

स्वयंपाक येणं आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला शहाळं द्यायचं की नाही हे कळणं, यात फरक आहे. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना शहाळं नेतात. मूत्रपिंडं निकामी होत आलेल्या माणसाला त्यातलं पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, आणि ते हृदयाच्या ठोक्यांवर येतं. प्रेमाने नेलेलं शहाळं मी कितीदा खाटेखालून काढायला लावलंय.

ओळखायचं असं: आहारशास्त्रातली पदवी किंवा पदव्युत्तर पदविका, रुग्णालयातली इंटर्नशिप, आणि इंडियन डाएटेटिक असोसिएशनची परीक्षा दिलेली असेल तर नावापुढे 'आरडी', म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन. न्यूट्रिशनिस्ट अशी पाटी मात्र आठवड्याचा ऑनलाइन कोर्स केलेलेही लावतात. २०२१ साली संसदेने अलाइड आणि हेल्थकेअर व्यावसायिकांचा कायदा केला, त्यात आमचा पेशा आला. नोंदणीची शिस्त लागेल तेव्हा लागेल, तोवर शिक्षण विचारायला लाजू नका. मला कुणी विचारलं तर राग येत नाही. रिपोर्ट न बघता, गोळ्या न विचारता कागद देतो तो नको. त्याच खोलीत डबे विकतो तो तर नकोच.

जाताना गोळ्यांच्या पट्ट्या, साखरेची वही, रिपोर्ट आणि रुमालातली ती कवळी घेऊन जा. आणि भावाला सोबत न्या. आई मुलासमोर "जेवलंय" म्हणते की नाही ते त्यालाही ऐकू दे.

रापणकार

मॅडम, माझो शब्द मागे. आता माझोच प्रश्न. १ जूनपासून मासेमारी बंदी, म्हणजे आगोटीचा, पावसाळ्यासाठीचा, सुका बाजार भरून ठेवलाय: सुका जवळा, खारवलेला बांगडा, सोडे. गेल्या महिन्यात प्रेशर १५० च्या वर निघालं, गोळी सुरू झाली. दोन महिने सुक्यावरच काढायचे असतात. काय करू, सगळं बहिणीकडे पाठवू?

कुळीथपिठी

बहिणीची साखर आधीच वाढलीय म्हणालात, तिचं प्रेशरही वाढवू नका.

दिवसाला सगळं मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत असावं, म्हणजे सपाट चमचाभर. खारवलेल्या बांगड्याचा एक तुकडाच त्यातला मोठा वाटा खातो. म्हणून खारा बांगडा पंधरवड्यातून एखाद्या वेळी, तोही कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून पाणी फेकायचं, परत एकदा तसंच. जवळा नि सोडे मीठ न लावता वाळवलेले असतील तर चालतील, घेताना जिभेवर एक दाणा ठेवून बघा. नंतर कालवणात वरून मीठ नाही, आमसूल आणि तिरफळावर भागवा. ज्या दिवशी सुकं, त्या दिवशी पापड-लोणचं ताटात नाही. मध्ये कुळीथ, चवळी, अंडी. आणि पावसात टाकळा-कुर्डू या रानभाज्या येतील त्या खा, फुकट आहेत. गोळी मात्र प्रेशर खाली आलं म्हणून मनाने सोडायची नाही. आणि सोलकढीत मीठ घालायच्या आधी चाखून बघा.